सोवळ्याच्या घरातून उघड्या दाराकडे

आमच्या नात्यातील एका बाईंचे यजमान दोन वर्षांपूर्वी अकस्मात गेले. समाचाराला माणसांची रीघ लागली. जो येई तो चटईवर बसे, थोडा वेळ गप्प राही आणि उठताना एक ठरलेले वाक्य बोले. कुणी म्हणे, सोन्याची पारख आगीतच होते. कुणी म्हणे, देव ज्याला मोठे करायचे ठरवतो त्याच्याच वाटेला संकटे पाठवतो. बाई मान हालवीत. पाचव्या दिवशी मी निघताना त्यांनी मला दारात थांबवले आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “भाऊजी, मला मोठे व्हायचे नव्हते हो. होते तशीच बरी होते.”

मला उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर मीही जाताना असलेच एखादे वाक्य बोलणार होतो, ते ओठांवरच राहिले. घरी आल्यावर कपाटातून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ काढली. हे पुस्तक मी शाळेत असताना धड्यापुरते वाचले होते, पुढे कॉलेजात परीक्षेपुरते वाचले आणि मग आवडीने दोन-तीनदा वाचले. या वेळी मात्र एक प्रश्न घेऊन वाचायला बसलो. संकटाने माणूस मोठा होतो, असे आपण सगळेच म्हणतो. ज्या बाईने संकटे भोगली आणि जी निःसंशय मोठी झाली, ती स्वतः याविषयी काय सांगते?

पहिले उत्तर असे मिळाले, की ती काहीच सांगत नाही. सबंध पुस्तकात ‘या दुःखाने मला अमुक शिकवले’ असा सूर लागत नाही. दुःख ही शाळा आहे, असा पाठ देण्याच्या भानगडीत ही बाई पडत नाही. ती फक्त चित्रे काढते. पण ती चित्रे ओळीने मांडून पाहिली की त्यांतून एक गोष्ट दिसू लागते. ती आपल्या ठरलेल्या वाक्यांहून वेगळी आहे, आणि तीच आज वाचकांपुढे ठेवायची आहे.

ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडी हकीकत सांगतो. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. टिळक कवी होते, वक्ते होते, विद्वान होते आणि संसाराच्या बाबतीत वाऱ्यासारखे होते. आज नाशिक, उद्या नागपूर, परवा आणखी कुठे. हातात पैसा आला तर तो घरी पोचेपर्यंत कुणाला तरी दिला जायचा. मनात आले की घरात न सांगता निघून जायचे. त्यात मुले झाली ती हाताशी लागली नाहीत. १८९१ मध्ये जन्मलेला दत्तू तेवढा जगला. आणि १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

त्या काळी या गोष्टीचा अर्थ काय होता, हे आजच्या वाचकाला डोळ्यांपुढे आणावे लागेल. नवरा जिवंत आहे, पत्रे येत आहेत, पण त्याच्या घरी जायचे तर जात, माहेर, देवघर, हळदीकुंकू, सगळे सोडून जायचे. न जावे तर कपाळाला कुंकू आणि पदरी लहान मूल असून नातेवाइकांच्या आश्रयाने राहायचे. चार-पाच वर्षे हे असे चालले. नाशिकला, पंढरपूरला, आप्तांच्या घरी त्यांनी ती काढली. पुढे त्या नगरला टिळकांच्या जवळ गेल्या, आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यानंतर सतरा वर्षे लक्ष्मीबाई जगल्या. टिळकांनी अर्धवट टाकलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी पूर्ण केले आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. १९३४ पासून ती भागाभागाने पुस्तकरूपाने निघाली. १९३६ च्या फेब्रुवारीत लक्ष्मीबाई वारल्या.

एवढी संकटांची यादी झाली. आता नीट पाहायची गोष्ट पुस्तकाच्या आरंभी आहे. बहुतेक वाचक ती गमतीची म्हणून हसून पुढे जातात. ती गोष्ट म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे.

१८५७ च्या धामधुमीत कुटुंबातील एका वडीलधाऱ्या पुरुषाला फाशी झाली. घराला तो मोठा धक्का होता. त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याने पछाडले. बाजारातून आलेला जिन्नस धुवायचा, याचा स्पर्श नको, त्याची सावली नको, मुलांनी इथे बसायचे नाही, तिथे शिवायचे नाही. या धुण्यापुसण्यात लक्ष्मीबाईंच्या आईचा जन्म गेला. लेकीने हे सगळे असे रंगवले आहे की वाचताना हसू आवरत नाही, आणि हसून झाल्यावर त्या माउलीची आठवण होऊन मन खाली बसते.

हीच माझ्या मते पुस्तकाची किल्ली आहे. संकट वडिलांवरही आले होते. त्याने ते मोठे झाले नाहीत. ते आक्रसले. जग आपल्याला इजा करते, तेव्हा जग दाराबाहेर ठेवावे, असा त्यांनी निकाल घेतला आणि घराभोवती पाण्याची रेघ ओढून बसले. म्हणजे ज्या आगीत सोने पारखले जाते असे आपण म्हणतो, त्या आगीत एक सबंध घर कोळपून गेले, आणि त्या कोळपलेल्या घरातच ही मुलगी वाढली. संकट आले की माणूस वाढतोच, असे म्हणणाऱ्याने जलालपूरचे ते घर विसरू नये.

पुढे त्या मुलीवर आलेले संकट बापावर आलेल्या संकटाहून लहान नव्हते. तीही मिटून जाऊ शकली असती. आरंभी तिने तसेच केले. नवऱ्याच्या धर्मांतराची वार्ता आली तेव्हा ती कोलमडली, आजारी पडली, रडली. पुढे नगरला टिळकांच्या जवळ राहायला गेली तेव्हासुद्धा आपले सोवळे, आपली चूल आणि आपले पाणी वेगळे ठेवून राहिली. बापाची रेघ तिने बरोबर नेली होती. मग ती रेघ पुसली कशी?

इथे पुस्तकातील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग येतो आणि तो लक्ष्मीबाई किती थोडक्यात आटपतात पाहा. कुणी पाद्र्याने उपदेश केला नाही, टिळकांनी आज्ञा केली नाही. त्यांनी आपल्याशी विचार केला, की ही जात देवाने केली की माणसांनी? माणसांनी केली असेल, तर ती पाळलीच पाहिजे असे कुठे आहे? विचार पटला आणि त्या कुणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या. बाप्तिस्मा नंतरचा. आधी हे. एखाद्या बेताच्या लेखकाने या जागी दोन प्रकरणे खर्ची घातली असती, वादळ आणले असते, पहाट उगवली असती. लक्ष्मीबाई मात्र घरातली भिंत पाडल्याचे इतक्या साधेपणाने सांगतात, की वीट पडल्याचा आवाजही येत नाही.

यापुढची चित्रे आता ओळीने पाहावीत. राहुरीला आणि नगरला टिळकांच्या घरात सतत कुणी ना कुणी राहत असे. पोरकी मुले, शिकणारी मुले, रागावून घर सोडून आलेली माणसे. बालकवी ठोंबरे त्यांच्याकडे राहिले ते घरच्या मुलासारखे. ज्या घरात बाहेरच्या माणसाची सावली नको होती, त्या घरची मुलगी आता रात्री भाकऱ्या टाकताना पाने किती मांडायची ते मोजायचे सोडून बसली. आणि गंमत अशी, की यात आपण काही मोठे केले असे तिला कुठेच वाटत नाही. उलट आलेल्या पाहुण्यांनी केलेले घोळ, टिळकांनी केलेले त्याहून मोठे घोळ, आणि स्वतःचे सर्वांत मोठे घोळ, यांच्याच हकीकती ती रंगून सांगते.

म्हणून मला वाटते, की या पुस्तकात वाढ म्हणजे काय याचे माप सरळ सापडते. कोणी किती सोसले, हे माप नव्हे. सोसल्यावर घराचे अंगण लहान झाले की मोठे, हे माप. वडिलांचे अंगण लहान झाले. लेकीचे मोठे होत गेले.

पण असे का झाले? इथे मी थोडा सावध आहे, कारण टीकाकाराला कारणे शोधण्याची हौस असते आणि ती पुष्कळदा पुस्तकात नसून त्याच्याच खिशात असतात. तरी तीन गोष्टी पुस्तकात ठायीठायी दिसतात.

पहिली म्हणजे माणसे. चार-पाच वर्षे नवऱ्यावेगळी राहिलेली ही बाई एकटी कधीच नव्हती. तिच्या बहिणीने आणि इतर आप्तांनी तिला सांभाळले. धर्मांतराने या माणसांनाही समाजात बोलणी खावी लागली असतील, पण त्यांनी दार लावले नाही. लक्ष्मीबाईंच्या मोठेपणाचे श्रेय आपण दुःखाला देतो. ते या माणसांना द्यायला हवे. त्यांनी तिला उपदेश थोडा केला असेल, पण जेवायला घातले, मूल सांभाळले आणि तिला वेळ दिला. टिळकांनीही, त्यांच्या स्वभावाच्या मानाने, कमालीची वाट पाहिली. मन पालटायला जेवढी वर्षे लागायची तेवढी लागू दिली.

दुसरी गोष्ट म्हणजे अक्षर. शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या या बायकोला वाचायला शिकवले ते टिळकांनीच. आणि ज्या काळात टिळक दूर गेले त्याच काळात तिची कविता सुरू झाली. ज्याने लेखणी हातात दिली त्याच्याच विरहात ती लेखणी कामाला आली. पुढे ‘स्मृतिचित्रे’ जन्माला आली तीही अशीच. मुलाला वडिलांचे चरित्र लिहायचे होते, म्हणून त्याने आईकडे आठवणी मागितल्या. आई नवऱ्याच्या आठवणी सांगू लागली आणि सांगता सांगता तिचे स्वतःचे चरित्र तयार झाले. टिळकांची गोष्ट म्हणून आरंभलेले पुस्तक आज आपण लक्ष्मीबाईंचे म्हणून वाचतो.

तिसरी गोष्ट म्हणजे हसू. हे हसू विनोदी लेखकाचे नव्हे. विनोदी लेखक जगाला हसतो, लक्ष्मीबाई आधी स्वतःला हसतात. स्वतःची भीती, स्वतःचे अज्ञान, स्वतःचा हट्ट, नवऱ्याशी झालेली भांडणे, यांतले काही त्या झाकत नाहीत. स्वतःला हसता येणे म्हणजे स्वतःपासून दोन पावले दूर उभे राहता येणे. वडिलांना ते कधी जमले नाही. सोवळे पाळणारा माणूस स्वतःला हसला असता तर त्याचे सोवळे त्याच दिवशी संपले असते.

याच जागी एक आक्षेपही विचारात घ्यावा लागतो. काही वाचकांना, विशेषतः आजच्या मुलींना, हे हसू खटकते. माझी भाची मला म्हणाली, “मामा, बायकोला न सांगता निघून जाणारा, घर उघड्यावर टाकणारा नवरा, आणि तुम्ही सगळे हसता कसे?” प्रश्न रास्त आहे. गेली कित्येक वर्षे आपण ‘स्मृतिचित्रे’ वाचून लक्ष्मीबाईंच्या सोशिकपणाचे गोडवे गायिलो, आणि तसे करताना टिळकांचे बेजबाबदार वागणे कवीचा लहरीपणा म्हणून सोडून दिले. पण हा दोष वाचकांचा आहे, पुस्तकाचा नव्हे. लक्ष्मीबाईंनी काही लपवलेले नाही. टिळकांचा राग, त्यांचे निघून जाणे, त्यापायी झालेले हाल, सगळे पानापानावर आहे. फक्त त्यांनी फिर्याद मांडली नाही, साक्ष दिली. निवाडा करायचा तो वाचकाने करावा. भाचीने तो केला, याचा अर्थ पुस्तकाने आपले काम केले.

माझा स्वतःचा आक्षेप निराळा आहे. पुस्तक पुढे सरकते तसतशी माणसांची आणि प्रसंगांची गर्दी होते, आणि पहिल्या भागांतले ते ठसठशीत चित्र थोडे विरळ होते. जलालपूरचे घर आपण डोळे मिटून चालू शकतो. नंतरच्या घरांत तसे चालता येत नाही. कदाचित अंगण मोठे झाल्याची ही किंमत असेल. लहान घराचे चित्र काढणे सोपे असते.

‘स्मृतिचित्रे’ नीट समजायची तर तिच्या शेजारी आणखी दोन पुस्तके ठेवून पाहावीत. रमाबाई रानड्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० चे. रमाबाईंचे लग्न १८७३ मध्ये अकराव्या वर्षी झाले, पती न्यायमूर्तींसारखा, त्याने शिकवायला घेतले, आणि शिकते म्हणून घरातल्याच बायकांची बोलणी त्यांना वर्षानुवर्षे ऐकावी लागली. त्यांचे दुःख त्या एका स्वच्छ पडद्याआडून सांगतात. मधूनच तो पडदा हलतो. न्यायमूर्ती कलकत्त्यास असताना हजामत करायला येणाऱ्या न्हाव्याकडून बंगाली शिकत, हा प्रसंग सांगताना रमाबाई खुलतात. पण स्वतःच्या वाट्याच्या अपमानांविषयी बोलताना आवाज पुन्हा खाली येतो. पतीच्या मृत्यूनंतर पुण्याच्या सेवासदनात त्यांनी हजारो बायकांसाठी जे दार उघडले ते पाहिले, म्हणजे त्या पडद्यामागे काय साठत होते ते कळते. त्यांची वाढ पुस्तकात कमी आणि सेवासदनात जास्त वाचावी लागते.

बाया कर्व्यांचे ‘माझे पुराण’ १९४४ चे. लग्नानंतर थोड्याच महिन्यांत, आठव्या वर्षी वैधव्य. पुढे पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिक्षण, १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह आणि मुरुडच्या गावकऱ्यांचा बहिष्कार. बायांच्या बोलण्यात पडदा नाही आणि फारसे हसूही नाही. ती रोखठोक बाई आहे. पती संस्थेला वाहून घेतलेले, तेव्हा संसाराचा गाडा कुणी ओढला, याचा हिशेब ती निर्भीडपणे मांडते. कुणाला हे पुस्तक कोरडे वाटते. मला वाटते, लक्ष्मीबाईंच्या हसण्याइतकाच तो हिशेबही माणसाला उभे ठेवतो.

तीन बायका, तीन रीती. एकीने हसून सांगितले, एकीने आवाज खाली ठेवून, एकीने हिशेब मांडून. संकटातून वाढण्याचा एकच मार्ग असता तर ही तीन पुस्तके एकसारखी झाली असती. पण तिघींत सारखे आहे ते हे: प्रत्येकीला कुणीतरी अक्षर दिले, कुणीतरी आसरा दिला, आणि प्रत्येकीने पुढे कुणासाठी तरी दार उघडले. आणि ज्यांना असे कुणी भेटले नाही, त्या बायकांची पुस्तकेच नाहीत. संकटाने मोठे झालेल्यांची गणती आपण करतो, कारण त्यांनी लिहिले. संकटाखाली चिरडून गेलेल्यांनी लिहिले नाही, म्हणून त्यांना आपण मोजत नाही. लक्ष्मीबाईंच्या आईने आत्मचरित्र लिहिले नाही.

या पुस्तकाची इंग्रजी भाषांतरे झाली आहेत. त्यांतले शांता गोखले यांनी केलेले २०१७ मध्ये निघाले. म्हणजे जलालपूरच्या त्या सोवळ्याच्या घराची गोष्ट आता परमुलखातली, परजातीची, परधर्माची माणसे हातात घेऊन वाचतात. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना हे कळले असते तर त्यांनी पुस्तक धुऊन वाळत घातले असते. लक्ष्मीबाई मात्र हसल्या असत्या.

ज्या बाईंनी मला दारात थांबवले होते त्यांच्याकडे मी महिनाभराने पुन्हा गेलो. जाताना ‘स्मृतिचित्रे’ नेले आणि कोणताही उपदेश न करता ठेवून आलो. पुस्तकापेक्षा उपयोगी पडली ती शेजारची सून. ती रोज सकाळी आपले लहान मूल त्यांच्याकडे सोडून नोकरीला जाऊ लागली होती. बाई त्या मुलामागे धावताना दिसल्या. गेल्या दिवाळीत त्यांच्या घरी गेलो तेव्हा फराळाचे ताट पुढे आले. चकल्या मोडक्या होत्या. मी काही बोलण्याआधी त्याच म्हणाल्या, “भाजणी बिघडली. यांना असल्या चकल्या घातल्या असत्या तर दिवाळीभर ऐकवले असते.” आणि हसल्या. यजमान गेल्यापासून त्यांचे नाव असे सहज घेताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकले.

पुस्तक वाचले का, हे मी विचारले नाही. पण उठताना पाहिले, तर ते फडताळात नव्हते. खिडकीत उघडे पालथे घातले होते, आणि पानांवर लहान मुलाच्या हाताचे तेलकट ठसे होते.